बेल्टवाल्याची वही

वयोमानाने झिजून निकामी झालेला कन्व्हेयर बेल्ट मी आजवर फार थोड्या वेळा उतरवला. बाकीचे सगळे त्याआधीच गेले. कुणी चुटीत अडकलेल्या सळईने उभा चिरला, कुणी जाम झालेल्या रोलरवर महिनोन्‌महिने घासला गेला, कुणाच्या कडा लोखंडी सांगाड्याला लागून उसवल्या. शटडाउनच्या कागदावर मात्र कारण ठरलेलं असायचं : 'बेल्ट खराब.' बेल्ट बिचारा रबराचा आणि कापडाचा. त्याला जे लागतं, जे घासतं, जे त्याच्यावर पडतं, त्याने तो खराब होतो. म्हणून दुरुस्तीला निघालेल्या माणसाने आधी बेल्ट सोडून बाकी सगळं पाहावं, हे माझ्या कामाचं सार.

कोळसा, वीज आणि सिमेंट हे तिन्ही धंदे एकाच जिल्ह्यात सापडतात अशा चंद्रपूरच्या परिसरात माझं आयुष्य गेलं. आधी वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात, ज्याला सगळे 'सीएचपी' म्हणतात, आणि नंतर सिमेंटवाल्यांकडे जॉइंटची कामं घेत. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर तासाला ३०० टनांहून जास्त कोळसा खातो. बेल्ट थांबला की बंकरमध्ये जेवढा कोळसा शिल्लक, तेवढेच तास हातात. त्यामुळे बेल्टचं काम नेहमी कुणीतरी घड्याळ पाहत उभं असतानाच करावं लागतं. आयटीआयमधून नव्याने आलेल्या पोरांना जे सांगत आलो, ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा नाही, दुसरा मुद्दा सोडून.

१. चालता बेल्ट पाहायला शिका

बंद बेल्ट काही सांगत नाही. चालता बेल्ट सगळं सांगतो, फक्त एका जागी उभं राहायचा धीर हवा. बेल्टची एकूण लांबी भागिले वेग, एवढं गणित खिशात ठेवा. वेढा धरून ६०० मीटरचा बेल्ट सेकंदाला ३ मीटरने पळत असेल, तर पूर्ण फेरीला ३ मिनिटं २० सेकंद लागतात. परतीच्या बाजूला, जाळीच्या बाहेर उभं राहून दोन फेऱ्या पाहिल्या तर सात मिनिटांत बेल्टची सगळी कुंडली समोरून जाते : कोणत्या जॉइंटचा कोपरा उचलला आहे, कडेचे धागे कुठे लोंबतायत, वरचं रबर कुठे सोललं आहे.

मग गॅलरीतून चालायचं, कानाने. अर्धा किलोमीटरच्या कन्व्हेयरला दर १.२ मीटरवर तीन रोलरचा एक संच आणि परतीला दर ३ मीटरवर एक रोलर धरला, तर एकूण १,४०० च्या आसपास रोलर होतात. प्रत्येकापुढे थांबणं कुणालाच शक्य नाही. पण बेअरिंग जात असलेला रोलर आधी कुरकुरतो, मग किंचाळतो. 'साहेब, वरच्या गॅलरीत रोलर रडून राहिला जी,' असं सांगत येणारा माणूस हे आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं. खरा घातक रोलर मात्र गप्प असतो. तो पूर्ण जाम झालेला असतो. बेल्ट त्याच्यावरून नुसता घसरतो, पत्रा एका बाजूने सपाट झिजतो, शेवटी फाटतो आणि त्या फाटक्या पत्र्याची धार खालून बेल्ट सोलत राहते. म्हणून ऐकायचं तेवढंच पाहायचंही. सगळे फिरतायत आणि एकच स्थिर आहे, हे चालताना लगेच डोळ्यांत भरतं.

२. कुलूप स्वतःचं, चावी स्वतःच्या खिशात

हा मुद्दा वाचून बाकीचे विसरलात तरी चालेल.

पुल कॉर्ड ओढली म्हणजे बेल्ट सुरक्षित झाला, असं नाही. ती थांबवण्याची दोरी आहे. कुणी ती पुन्हा जागेवर बसवली की बेल्ट निघाला. शेजारच्या खांबावरचा स्टॉप स्विचही पुरेसा नाही. परमिट घ्यायचं, स्विचगिअरमध्ये जाऊन फीडर बाहेर काढायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, आणि परत येऊन सुरू करून पाहायचं. सुरू झाला नाही, तरच हात पुढे करायचा. तीन गट काम करत असतील तर तीन कुलपं.

वीज काढली तरी बेल्टमध्ये जोर शिल्लक असतो, हे नवे लोक विसरतात. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेक-अपला टांगलेलं काउंटरवेट बेल्ट ओढतच असतं. चढाचा बेल्ट कोळशाने भरलेला असेल आणि उलटी चाल अडवणाऱ्या होल्ड-बॅकने दगा दिला, तर सगळा माल घेऊन तो उलटा धावतो. म्हणून कापण्याआधी काउंटरवेट चेन पुलीवर उचलून अडकवायचं आणि बेल्टला दोन्ही अंगांनी क्लॅम्प मारायचे.

आता टेल पुलीबद्दल. बेल्ट जिथे पुलीवर चढतो ती फट माणसाला आत घेते. सेकंदाला ३ मीटर वेगाने चालणारा बेल्ट, आपल्या मेंदूने 'हात काढ' म्हणेपर्यंत हाताला खांद्यापर्यंत नेऊन मोकळा होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येकाच्या डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो. उन्हासाठी तो हवाच. पण त्याचं लोंबतं टोक टेल पुलीजवळ फास बनतं. एका कारखान्यात, बेल्ट चालू असताना फावड्याने पुलीखालचा कोळसा ओढणाऱ्या एका कंत्राटी कामगाराचा हात गेला. चौकशीच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं आलं. जाळी तिथे महिनाभर नव्हती, हे अहवालात आलं नाही. तेव्हाच्या कारखाने अधिनियम, १९४८ चं २१ वं कलम यंत्राला कुंपण घालायला सांगत होतं आणि २२ वं कलम चालू यंत्राजवळच्या कामावर बंधनं घालत होतं. दोन्ही जबाबदाऱ्या फावडं धरणाऱ्याच्या नव्हत्या.

३. बेल्ट सरकतोय? दोनच प्रश्न विचारा

बेल्ट एका बाजूला जायला लागला की जो तो पाना घेऊन धावतो. चार जण चार ठिकाणचे रोलर फिरवतात आणि तासाभराने बेल्ट दुसऱ्या बाजूला जातो. थांबा आणि विचारा : संपूर्ण बेल्ट एकाच जागी बाहेर जातोय, की बेल्टचा एकच भाग सगळ्या जागी बाहेर जातोय?

संपूर्ण बेल्ट एकाच जागी बाहेर जात असेल तर दोष त्या जागेचा. रोलर तिरका आहे, पुली समपातळीत नाही, सांगाडा वाकला आहे, किंवा परतीच्या रोलरवर ओल्या कोळशाचा थर चढून तो एका बाजूला जाड झाला आहे. आणि बेल्टचा एकच तुकडा सगळीकडे बाहेर पडत पुढे जात असेल, तर दोष बेल्टचा. बहुधा जॉइंट काटकोनात बसलेला नाही, नाहीतर बेल्टच मुळात वाकडा आहे. हा दुसरा दोष असेल तर जगातला कुठलाही रोलर फिरवून उपयोग नाही. तरी लोक फिरवत बसतात.

नियम सोपा आहे. रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी टेकतो, त्या टोकाकडे तो सरकतो. म्हणून बेल्ट ज्या बाजूला पळतोय, रोलरचं त्या बाजूचं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेने थोडं पुढे ढकलायचं. 'थोडं' म्हणजे खरंच थोडं, काही मिलिमीटर. आणि जिथे बेल्ट बाहेर दिसतोय तिथे नाही, त्याच्या अलीकडचे रोलर. एक बदल केला की दोन-तीन फेऱ्या नुसतं पाहायचं. नवशिक्याला ही वाट पाहणं जमत नाही, आणि जमलं की तो नवशिका राहत नाही. आधी रिकामा बेल्ट मधोमध चालवा, मगच माल सोडा. माल सोडल्यावरच सरकत असेल तर रोलरना हात लावू नका, चुटीत जाऊन बघा : कोळसा एका अंगाला पडत असेल.

कडेला उभे गाइड रोलर लावून बेल्ट दाबून धरायचा उपाय मी अनेक ठिकाणी पाहिला. कारण जागेवरच राहतं. कड दुमडते, धागे निघतात आणि सहा महिन्यांनी नवा बेल्ट मागवावा लागतो. पहार अडकवून बेल्ट ढकलणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको.

४. घसरतोय म्हणून वजन वाढवू नका

पावसाळ्याचा पहिला आठवडा. ओला कोळसा, ड्राइव्ह पुली फिरतेय आणि बेल्ट जागच्या जागी. लगेच हुकूम येतो : काउंटरवेटवर आणखी वजन टाका.

पकड तीन गोष्टींवर असते : बेल्टचा ताण, पुलीभोवतीचा वेढा आणि पुलीच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. तिसरी गोष्ट आधी बघा. ओल्या, चिखलट, उघड्या पोलादी पुलीची पकड रबरी लॅगिंगच्या पुलीच्या निम्मीही नसते. लॅगिंगच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील, किंवा एखादा पट्टाच सुटून गेला असेल, तर वरून कितीही वजन टाका. मग काउंटरवेटच्या खाली वाकून बघा. सांडलेल्या कोळशाचा ढीग साचून काउंटरवेट त्याच्यावर आरामात टेकलेलं मी कित्येकदा पाहिलंय. लटकायचं सोडून ते बसलेलं असतं, म्हणजे बेल्टला ताणच नाही. दोन माणसं आणि फावडी, एवढीच दुरुस्ती.

वजन वाढवलं तर तो दिवस निभावतो. पुढे बेअरिंग, शाफ्ट आणि जॉइंट आपापली वसुली करतात.

५. जॉइंट हा घाईचा धंदा नाही

आता माझ्या आवडीचा विषय. इथे जरा रेंगाळणार आहे.

कापडी बेल्टचा गरम जॉइंट पायऱ्यांचा असतो. चार प्लायचा, म्हणजे कापडाच्या चार थरांचा बेल्ट असेल तर तीन पायऱ्या : एका टोकाला वरून उतरत्या, दुसऱ्या टोकाला खालून, म्हणजे दोन्ही एकमेकांत बसतात. यात एक गोष्ट समजून घ्या. पायऱ्यांच्या जॉइंटमध्ये प्रत्येक आडव्या रेषेवर एक प्लाय तुटलेला असतोच. म्हणून उत्तम कारागिराचा चार प्लायचा जॉइंटही मूळ बेल्टच्या तीन चतुर्थांश ताकदीचाच. कापडी बेल्ट निवडताना दहापट सुरक्षेचा हिशेब धरतात, त्यात ही तूटही पोटात घ्यावी लागते. म्हणजे पायरी कापताना सुरी खोल जाऊन खालचा प्लाय चिरला, तर तुम्ही चारातले दोन घालवले. माझे पहिले फोरमन सुरी हातात द्यायच्या आधी जुन्या बेल्टच्या तुकड्यावर नुसत्या पायऱ्या सोलायला लावत. सोललेल्या प्लायवर नखाएवढी रेघ दिसली, तरी पुन्हा नवा तुकडा.

सुरीच्या आधी खडू येतो. मध्यरेषा बेल्टच्या कडेवरून एकदाच मोजून काढू नका. जुन्या बेल्टची कड खाल्लेली असते. दोन्ही टोकांना मागेपुढे तीन-तीन ठिकाणी मध्य काढून त्यांतून दोरी ताणा. जॉइंट तिरका घालतात, साधारण २२ अंशांनी. म्हणजे १,४०० मिलिमीटर रुंदीच्या बेल्टला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ५६० मिलिमीटरचा तिरपेपणा येतो. त्यामुळे जॉइंट पुलीवर एकदम न चढता हळूहळू चढतो. बेल्ट खरवडून साफ करणाऱ्या स्क्रॅपरच्या तोंडाला जॉइंटची धार उलटी येऊ नये, हेही याच वेळी ठरवायचं. नंतर ते बदलता येत नाही.

मग बफिंग. रबराची चकाकी जाईल एवढंच घासायचं. मशीन एका जागी धरून ठेवलं तर रबर जळून चिकट होतं आणि त्यावर काहीच धरत नाही. धूळ झटकायची, हाताने पुसायचं नाही, कारण हाताला तेल असतं. त्यानंतर सोल्यूशनचा पहिला हात, तो पूर्ण वाळू द्यायचा. मग दुसरा, तो वाळत आला की बोटाच्या मागच्या बाजूने टेकवून पाहायचा : चिकटलं पाहिजे, पण बोटाला लागून यायला नको. दिवसभरातल्या सगळ्या मोजमापांत मला हे बोट सगळ्यात खरं वाटत आलंय. एवढ्यात कंट्रोल रूमचा फोन येतोच. 'किती वेळ अजून?' आमच्या फोरमनचं उत्तर ठरलेलं : 'थांबा न जी, वाळू द्या त्याले.'

मे महिन्यात इथे पारा ४५-४६ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या गॅलरीत त्याहून जास्त. सोल्यूशन लावता लावता वरून सुकतं, आत ओलं राहतं. प्रेसविना नुसत्या सोल्यूशनने जोडायच्या थंड जॉइंटच्या हार्डनर मिसळलेल्या डब्याचं आयुष्यही घटतं. म्हणून उन्हाळ्यात असे जॉइंट पहाटे. पावसाळ्यात उलट त्रास : हवेतली ओल थरांत अडकली की तापल्यावर तिची वाफ होते आणि जॉइंटला फोड येतो. ताडपत्रीचा मांडव घाला, कापड हॅलोजनखाली तापवून कोरडं करा, तेही पुरेसं नसेल तर थांबा. दिवस मोडला तरी चालतो. आणि मांडवात बिडी नाही. सोल्यूशनची वाफ पेट घेते.

प्रेस चढवल्यावर तापमान साधारण १४५ अंश, दाब चौरस सेंटिमीटरला निदान ७ किलो, वेळ बेल्टच्या जाडीप्रमाणे, चार प्लायला अर्ध्या तासाच्या आसपास. वेळ मोजायला सुरुवात वरची आणि खालची, दोन्ही प्लेटा चारही कोपऱ्यांत तापल्यावर करायची. एखादा हीटर गेलेला असला, तर एक कोपरा कच्चा राहतो आणि नेमका तोच उचलतो. मग सगळ्यात अवघड भाग : थंड होईपर्यंत दाब काढायचा नाही. ६०-७० अंशांच्या खाली येईपर्यंत प्रेसला हात नाही. झालेल्या कामापैकी अर्धं काम इथे, शेवटच्या तासात मातीत जातं, कारण समोरून जॉइंट तयार दिसत असतो. सगळं धरून आठ ते बारा तास लागतात. ज्याने चार तासांत करून देतो म्हटलं, त्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

शेवटी पांढऱ्या रंगाने जॉइंटवर क्रमांक आणि तारीख लिहा. पहिल्या मुद्द्यातली सात मिनिटं तेव्हा कामी येतात.

६. क्लिप जॉइंट

रात्री दोन वाजता बेल्ट तुटला तर लोखंडी क्लिपा मारून सकाळ गाठा, हरकत नाही. पण तारीख टाकून नोंद करा की अमुक दिवशी ही क्लिप निघेल. नाहीतर ती वर्षभर राहते, फटीतून बारीक कोळसा गळतो आणि स्क्रॅपर तिला अडकून सुटतो. तात्पुरता हा शब्द कारखान्यात फार टिकाऊ असतो.

७. लोखंड शोधा, चुंबकावर विसंबू नका

बेल्ट उभा चिरला जाणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महाग मिनिट. चुटीचा लायनर सुटून तिरका अडकला किंवा खाणीतून आलेली रूफ बोल्टची सळई चुटीत उभी राहिली, की तिच्यावरून बेल्ट चिरत जातो. सेकंदाला ३ मीटरने अर्ध्या मिनिटाला ९० मीटर.

बेल्टवर टांगलेलं चुंबक साधं लोखंड उचलतं. पण क्रशरचे हॅमर, काही लायनर मँगेनीज पोलादाचे असतात आणि त्याला चुंबक उचलत नाही. त्यांच्यासाठी मेटल डिटेक्टर लागतो. तो मात्र वारंवार बेल्ट थांबवतो म्हणून कुणीतरी त्याला 'बायपास' करून ठेवलेलं असतं. पाळी हातात घेताना हे एकदा तपासा. क्रशर उघडाल तेव्हा हॅमर मोजा. एक कमी असेल तर तो कुठेतरी पुढे गेलेला आहे.

चीर छोटी असतानाच बुजवा. पॅच लावताना त्याचे कोपरे गोल कापा, कडा तिरप्या करा. चौकोनी पॅचचा टोकदार कोपराच आधी उचलतो. आणि लांब चिरेला पॅचवर पॅच लावत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा काढून नवा घाला. एका तुकड्याला दोन जॉइंट लागतात हे खरं, पण ठिगळांचा बेल्ट मधोमध चालत नाही.

८. जुन्या बेल्टचं स्कर्ट नको

बेल्टची बरीचशी झीज माल पडतो त्या पाच-सात मीटरांत होते. तिथे कोळसा बाहेर सांडू नये म्हणून दोन्ही बाजूंना स्कर्ट रबर असतं. ते संपलं की आपल्याकडचा जुगाड ठरलेला : जुना बेल्ट कापा आणि लावा. फुकटचं रबर. पण जुन्या बेल्टमध्ये कापडाचे प्लाय असतात. त्या कापडात कोळशाचे, दगडाचे कण रुततात आणि चालत्या बेल्टवर पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. बेल्टच्या दोन्ही कडांजवळ दोन समांतर चर पडलेले दिसले की खुशाल समजा, वर जुना बेल्ट लावला आहे. स्कर्टला प्लाय नसलेलं, बेल्टच्या कव्हरपेक्षा मऊ रबरच हवं. जुना बेल्ट गावाकडे गोठ्यात अंथरायला द्या. तिथे तो वर्षानुवर्षं टिकतो आणि गुरांचे पायही घसरत नाहीत.

स्क्रॅपरचंही असंच. नीट साफ होत नाही म्हणून दाब वाढवत नेला तर तो बेल्टच खरवडतो. ब्लेड बदला.

९. आग बंद बेल्टला लागते

जाम रोलर तापून लाल होईस्तोवर चालत्या बेल्टला बहुधा काही होत नाही, कारण बेल्ट उष्णता घेऊन पुढे जातो. बेल्ट थांबला की तोच तापलेला रोलर एका जागी टेकून राहतो. खाली कोळशाची भुकटी, वर रबर. म्हणून आगीच्या वासाची तक्रार आली तर बेल्ट थांबवल्यावर निघून जाऊ नका. थांबल्यावरच खरी राखण सुरू होते.

वेल्डिंगचं तसंच. चुटीत लायनर लावायला वेल्डर चढतो, ठिणग्या खाली बेल्टवर आणि भुकटीवर पडतात, काम संपतं, सगळे जेवायला जातात. आग त्यानंतर लागते. खालचा बेल्ट ओल्या पोत्यांनी झाका, आधी जागा धुऊन घ्या आणि काम संपल्यावर निदान तासभर एक माणूस पाणी घेऊन तिथे बसवा. परमिटवर त्याचंही नाव लिहा. बेल्टवर 'अग्निरोधक' असा शिक्का असला तरी बेल्ट जळतो. रोधक याचा अर्थ ज्वाळा काढून घेतली की तो विझतो, इतकाच. भुकटी मात्र खालून ज्वाळा देत राहते. आणि यार्डातून धुमसणारा कोळसा आलाच, तर तो बेल्टवर घेऊ नका, तिथेच विझवा.

१०. गोदामात एक चक्कर

बेल्टचा रोल आडवा टाकलेला असेल तर त्याची एक कड लांबते आणि तो जन्मभर सरकतो. रोल उभा ठेवा, सावलीत ठेवा. सोल्यूशनच्या डब्यावरची मुदत वाचा. मुदत संपलेला डबा खर्ची टाकायला स्टोअरकीपर कचरतो, हिशेब बिघडतो म्हणून. जॉइंट सुटल्यावर त्याच हिशेबाचं काय होतं, ते त्याला एकदा गॅलरीत आणून दाखवा.

११. चालणाऱ्या माणसाचं ऐका

आता सेन्सर आले आहेत, बेल्टची चीर ओळखणाऱ्या तारा बेल्टमध्येच घालून मिळतात, कॅमेरे आहेत. चांगलंच आहे. पण गॅलरीत दर पाळीला चालणारा आणि खालचा कोळसा ओढणारा माणूस बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा असतो, दर वर्षी ठेका बदलला की तोही बदलतो. रोलरचा आवाज ओळखायला त्याला कितीतरी महिने लागलेले असतात. ठेका बदलला तरी माणसं तीच ठेवा, ही मागणी मी प्रत्येक साहेबाकडे केली. काहींनी ऐकली.

पाळीच्या प्रमुखांना माझी एक विनंती आहे. तुमच्या प्लान्टमध्ये टेल पुलीखालचा कोळसा कोण काढतो आणि बेल्ट बंद असताना काढतो की चालू असताना, हे आज स्वतः खाली उतरून विचारा. उत्तर 'चालू बेल्टवरच काढतो जी' असं आलं, तर आधी बेल्ट थांबवा, जाळी बसवा आणि मगच त्या दिवसाचं बाकी काम हातात घ्या.